अंतर पक्ष्याने ठरवावे

माढा म्हटले की व्यापारी मंडळींच्या डोळ्यांसमोर कुर्डुवाडीचे जंक्शन येते, मोडनिंबच्या बोरांचा बाजार येतो, टेंभुर्णीच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या वाहनांची रांग येते. पाहुणे आले तर आपण त्यांना माढेश्वरीच्या दर्शनाला नेतो, जुना किल्ला दाखवतो आणि सायंकाळी परत फिरतो. या तालुक्याच्या दोन्ही अंगांना पक्ष्यांचे जे वैभव पसरलेले आहे, ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे पहाटे तीन वाजता घर सोडतात. आपण मात्र त्याच रस्त्याने मालाच्या चौकशीसाठी जात असतो आणि खिडकीबाहेर पाहत नाही. अलीकडे घरोघरी तरुणांच्या हाती मोठ्या लेन्सचे कॅमेरे आले आहेत. सुटीच्या दिवशी ही मुले पाणवठ्यावर आणि माळावर जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हा लेख आहे. रानपक्ष्याच्या जवळ जावे कसे, किती जावे आणि कोठे थांबावे, हा त्याचा विषय.

तालुक्याच्या पश्चिमेला भीमा आणि पूर्वेला सीना. या दोन नद्यांमधला बराचसा प्रदेश पूर्वी उघड्या माळाचा होता. खुरटे गवत, मुरमाड जमीन, मधूनच बाभळीचे झाड आणि पावसाच्या भरवशावरची ज्वारी. या माळाचे पक्षीही माळासारखेच, मातीच्या रंगाचे. चंडोल, तित्तिर, लावा, पखुर्डी, धाविक आणि या सर्वांचा राजा माळढोक. पुढे भीमेवर उजनी गावाजवळ धरण झाले. १९८० साली ते पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेचा विस्तीर्ण जलाशय तयार झाला. धरणाची भिंत माढा तालुक्यात, तर फुगवट्याचे पाणी करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जतपर्यंत मागे गेलेले. या पाण्याने अनेक गावे बुडवली, हजारो कुटुंबांना उठवले. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले आणि पाणी फार उतरले तरच आता वर येते. त्याच पाण्याने कोरडवाहू शेतात ऊस आणि डाळिंब आणले, बाजारपेठेत पैसा आणला. पक्ष्यांच्या बाबतीतही त्याने असाच दुहेरी व्यवहार केला. पाणपक्ष्यांना नवे घर दिले आणि माळाचे पक्षी जेथे राहत होते ती जमीन हळूहळू हिरव्या पिकाखाली झाकून टाकली. म्हणून माढ्याच्या माणसाला पक्षी पाहायचे तर दोन दिशांना जावे लागते, आणि दोन्हीकडे जवळ जाण्याची रीत वेगळी आहे.

प्रथम पाण्याकडे जाऊ. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. हिवाळा सरत जातो तसे शेतीसाठी पाणी सुटते, फुगवट्याच्या कडेला उथळ पाणी आणि चिखलाचे पट्टे उघडे पडू लागतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला पक्ष्यांची गर्दी होते ती यामुळेच; धरणाच्या भिंतीजवळचे खोल पाणी त्यांच्या उपयोगाचे नसते. उत्तरेकडून आलेले तलवार बदक, थापट्या, चक्रवाक तेथे उतरतात. चित्रबलाक, राखी बगळे, शराटी, चमचे, पाणकावळे, कुरव यांची तर वस्तीच असते. तिबेट, मंगोलिया, लडाखकडचे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना या हंसाची नोंद झालेली आहे. आणि मग रोहित, ज्यांना आपण अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतो. उंच काटकुळे पाय, वाकडी चोच, पंख उघडले की आतून उसळणारा गुलाबी-लाल रंग. त्यांची मान खाली असते आणि चोच पाण्यात उलटी धरलेली असते. त्या चोचीतल्या गाळणीतून चिखलपाणी गाळून ते शेवाळ, सूक्ष्म जीव आणि बारीक अळ्या टिपतात.

उडणाऱ्या रोहितांचा रंग कॅमेऱ्याला मोह पाडतो आणि अडचण तेथेच सुरू होते. माघातल्या एका सकाळी आम्ही काही कुटुंबे मिळून होडीतून निघालो होतो. शंभर-दीडशे रोहितांचा थवा समोर चरत होता. सोबतच्या एका पाहुण्यांनी नावाड्याला सांगितले, "होडी सरळ थव्यात घाला, टाळी वाजवतो, सगळे एकदम उडतील." नावाडी वयस्कर होता. त्याने वल्हे पाण्याबाहेर काढून आडवे ठेवले आणि म्हणाला, "शेठ, उडिवलं तर फोटू येतोय खरं. पण ती मग पार त्या अंगाला जात्यात. तिथं दोन घास खात्यात, तोवर दुसरी होडी येती. मग दिसभर त्यांनी खायाचं कवा?" थोडा वेळ होडी तशीच पाण्यावर तरंगत राहिली. थव्याच्या कडेचे काही पक्षी माना उंच करून आमच्याकडे पाहत होते. त्यांनी एकेक करून माना पुन्हा खाली घातल्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता बगा. आता त्यांनी आपल्याला बसू दिलं." त्यानंतरच्या अर्ध्या तासात पक्षी चरत चरत आपणहून होडीच्या इतके जवळ आले, की पाहुण्यांना लेन्स मागे घ्यावी लागली.

नावाड्याने जे सांगितले, त्याला पक्षीशास्त्रात पक्का आधार आहे. प्रत्येक रानपक्ष्याभोवती दोन अदृश्य वर्तुळे असतात असे समजावे. बाहेरच्या वर्तुळात परकी वस्तू शिरली की पक्षी सावध होतो. तो चरणे थांबवतो, मान ताठ करतो, एका डोळ्याने आपल्यावर नजर रोखतो. आतल्या वर्तुळात शिरताच तो उडतो. ही अंतरे जातीनुसार, जागेनुसार, ऋतूनुसार बदलतात. जेथे माणूस रोज निरुपद्रवीपणे वावरतो तेथे ती कमी होतात आणि जेथे दगड बसतात तेथे वाढतात. दोन वर्तुळांमधली जागा ही आपल्याला मिळालेली सूचना असते. मान उंच झाली की थांबावे. ती खाली जाईपर्यंत हलू नये. खाली गेली नाही तर चार पावले मागे यावे. एवढे एक तत्त्व पाळले, तर जवळ जाण्याची निम्मी विद्या हाती आली.

उडण्याने पक्ष्याचे काय बिघडते, असा प्रश्न मुले विचारतात. तो जमाखर्चाचा प्रश्न आहे आणि आपल्या घरातील मुलांना तो चटकन समजतो. पक्ष्याचे भांडवल म्हणजे अंगावरची चरबी. हजारो किलोमीटरच्या प्रवासात ते संपत आलेले असते आणि परतीच्या प्रवासापूर्वी पुन्हा जमवायचे असते. मिळकतीला वेळ ठरलेला आणि जागाही ठरलेली. उड्डाण हा सर्वांत मोठा खर्च, आणि रोहितासारख्या जड पक्ष्याला तर हवेत उठण्यापूर्वी पाण्यावरून धावावे लागते. एकदा उडवले तर मोठे नुकसान होत नाही. पण रविवारच्या सकाळी एकामागून एक दहा होड्यांनी तेच केले, तर त्या दिवशीची मिळकत बुडते आणि खर्च दहापट होतो. असे दिवस वारंवार आले की पक्षी ती जागा सोडतात. मग नावाड्यांचे हंगामाचे उत्पन्नही जाते. धरणात जमीन गेल्यावर मासेमारीकडे वळलेल्या कुटुंबांना पक्षी पाहायला येणाऱ्या माणसांमुळे चार पैसे मिळू लागले आहेत. थवा उडवण्यासाठी जास्त पैसे देऊ करणारा ग्राहक त्यांच्याच पोटावर पाय देत असतो.

माणूस कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या मागे लागला, त्याला आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी नाना युक्त्या केल्या. त्यांतली एक आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही पटेल अशी होती. त्यांनी एक पोकळ बैल तयार केला आणि कॅमेऱ्यासह माणूस त्याच्या पोटात बसू लागला. पक्षी गुराढोरांना भीत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे गायबगळे म्हशीच्या पायांत फिरतात आणि नांगरटीच्या ट्रॅक्टरमागे पाच हातांवर चालतात. तोच बगळा कॅमेरा घेऊन सरळ त्याच्याकडे येणाऱ्या माणसाला पाहून शंभर हातांवरून उडतो. शेतकरी आपल्या कामात असतो, त्याची नजर जमिनीवर असते. छायाचित्रकाराची नजर पक्ष्यावर असते आणि पावलेही त्याच रेषेत पडतात. शिकारी प्राणी असाच येतो. पक्षी आपले कपडे पाहून घाबरतो त्याहून अधिक आपली नजर आणि चाल पाहून घाबरतो.

भारतातही या छंदाची मोठी परंपरा आहे. रेल्वेत नोकरी करणारे ई. एच. एन. लोथर यांचे 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. सलीम अली यांचे स्नेही लोक वान थो हे सिंगापूरचे मोठे उद्योजक, चित्रपटगृहांचे मालक. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे जहाज बाँबहल्ल्यात सापडले, ते जखमी झाले आणि भारतात आले. येथेच त्यांची सलीम अलींशी गाठ पडली आणि पक्ष्यांच्या छायाचित्रणाचे वेड आयुष्यभर टिकले. 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे त्यांचे पुस्तक १९५७ चे. १९६४ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. व्यापाराचा पसारा सांभाळून माणूस एखाद्या विद्येची किती मनोभावे सेवा करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

या मंडळींची बरीच छायाचित्रे घरट्यांवरची असत. त्याला त्या काळचे कारण होते. कॅमेरे अवजड, लेन्स आखूड, फिल्म मंद. पक्षी ठराविक जागी पुन्हा पुन्हा येईल अशी खात्री फक्त घरट्यावरच. म्हणून घरट्यापासून दूर कापडी लपण उभारायचे, ते रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे, पक्षी निर्धास्त झाला की आत बसायचे. आत जाताना दोघांनी जायचे आणि एकाने बाहेर निघून जायचे. पक्षी तेवढा हिशेब ठेवत नाही, माणूस गेला असे समजून परत येतो. आज पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्स आहेत, आवाज न करणारे कॅमेरे आहेत आणि अंधुक उजेडातही चित्र येते. घरट्याजवळ जाण्याचे कारणच उरलेले नाही. म्हणूनच आता अनेक स्पर्धा आणि नियतकालिके घरट्यांवरची छायाचित्रे स्वीकारत नाहीत. लपणाची विद्या मात्र जुनी झालेली नाही. पाणवठ्याच्या काठी, चरण्याच्या जागी ती आजही तितकीच उपयोगी आहे.

आता दुसऱ्या दिशेला, माळाकडे वळू. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र तब्बल आठ हजार चौरस किलोमीटरहून अधिक होते. सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा यांसोबत आपला माढा तालुकाही त्यात होता आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील काही तालुकेही. गावे, शेते, बाजारपेठा, रस्ते सारेच अभयारण्यात; साहजिकच जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याबद्दल कटुता साचली. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळ फोडला गेला, विजेच्या तारा वाढल्या. माळढोक नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, हवेत चटकन वळू न शकणारा. समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि तारेवर आदळून तो मरतो. आज जगात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानातील थरच्या वाळवंटात आहेत आणि तेथे कृत्रिम पैदाशीचे प्रयत्न चालू आहेत. नान्नजच्या माळावर, जेथे हा पक्षी पाहण्यासाठी देशभरातून लोक येत, तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

माळढोकाची मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालते. एकटीच ते उबवते आणि एकटीच पिल्लू वाढवते. अशा पक्ष्याला एक वेळ उठवणे म्हणजे कदाचित त्या वर्षाचे सारे संचित धोक्यात घालणे. माळढोक आपल्याला दिसणार नाही. पण त्याच माळावर त्याचे लहान भाऊबंद अजून आहेत आणि त्यांचीही घरटी जमिनीवरच असतात. टिटवी नांगरटीच्या ढेकळांत चार अंडी घालते. ती मातीशी इतकी मिसळलेली असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. वैशाखातल्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती पुष्कळदा ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. पाण्यात पोटाची पिसे भिजवून आणून ती अंडी थंड ठेवते. पखुर्डीचा नरही असाच पोटाच्या पिसांत पाणी भरून दूरवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. आपण चांगल्या चित्रासाठी अर्धा तास तेथे उभे राहिलो आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरत राहिली, तर तेवढ्या वेळात सोलापूरचे ऊन आपले काम करून जाते. आपण कशालाही हात लावलेला नसतो आणि तरीही अंड्यांतले जीव गेलेले असतात.

कायद्यानेही ही गोष्ट ओळखलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करण्याबरोबरच ती विचलित करण्याचाही समावेश आहे. ज्या घरात बंदुकीचे नाव काढले जात नाही, त्या घरातील मुलगा कॅमेरा घेऊन नकळत त्या व्याख्येत जाऊन बसू शकतो, हे पालकांनी त्याला सांगितले पाहिजे.

आपल्याला तर हे सांगणे अवघड जाऊ नये. साधूंच्या आचारातील ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. माळावर उन्हाळ्यात चालणाऱ्या छायाचित्रकाराला याहून अचूक नियम दुसरा कोणी देणार नाही. त्याचे डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर असतात आणि अंडी त्याच्या पायाखाली. दुसरे उदाहरण चातुर्मासाचे. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरलेली असते म्हणून विहार थांबवून साधू एका ठिकाणी राहतात. माळावरच्या अनेक पक्ष्यांचा विणीचा काळही नेमका हाच. माळढोकही याच दिवसांत अंडे घालतो. तेव्हा माळापुरता छायाचित्रकारांनीही एक चातुर्मास पाळावा. वैशाखापासून दिवाळीपर्यंत गवतात उतरू नये, रस्त्यावरून, गाडीतूनच जे दिसेल ते पाहावे. गवताळ माळ तसा हिवाळ्यातही रिकामा नसतो. दूरदेशीचे भोवत्या ससाणे तेव्हा गवतावरून तरंगत फिरतात, संध्याकाळी जमिनीवरच विसावतात, चंडोल गातात, खाटीक काटेरी फांदीवर बसलेला असतो.

गाडीचा उल्लेख आला, तेव्हा जवळ जाण्याच्या काही रीती येथेच सांगतो. माळावर आणि शिवारात उत्तम लपण म्हणजे आपली गाडीच. पक्षी वाहनाला माणूस समजत नाहीत. दार उघडून पाय खाली ठेवला की उडतात. इंजिन बंद करावे, खिडकीच्या कडेवर वाळूची किंवा धान्याची लहान पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवावी आणि वाट पाहावी. पायी जायचे तर सरळ रेषेत जाऊ नये. तिरकस, थांबत थांबत, दुसरीकडे पाहत जावे. उभ्या माणसापेक्षा बसलेला, बसलेल्यापेक्षा पालथा पडलेला माणूस पक्ष्याला कमी भीतिदायक वाटतो. शिवाय कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आला की चित्रही जिवंत होते. तळ्याकाठी पहाटे उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे, म्हणजे पक्षी आपल्याकडे येतात आणि आपल्याला त्यांच्याकडे जावे लागत नाही. भडक पांढरे कपडे टाळावेत. होडीत असलो तर इंजिन लांबच बंद करून वल्ह्याने किंवा वाऱ्याने जावे, आणि थव्याला एका बाजूने पाण्यात जाण्याची वाट मोकळी ठेवावी. धरणाच्या परिसरात आणि अभयारण्यात कॅमेरा काढण्यापूर्वी तेथील नियम व परवानगी विचारून घ्यावी.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे ही अलीकडची सोपी युक्ती. तो आवाज ऐकून नर आपल्या हद्दीत परका आला असे समजतो, घरटे आणि चरणे सोडून धावून येतो, शत्रू सापडत नाही म्हणून अस्वस्थ होऊन फिरत राहतो. चित्र मिळते, पण ते फसवणुकीचे असते. दुसरी गोष्ट दाण्यांची. पाखरांना दाणे टाकणे ही आपल्या घराघरांतील चाल आहे आणि पेठेतील चिमण्या-पारव्यांपुरती ती चालूही राहो. पण रानातल्या पक्ष्याला चित्रासाठी शेव, फरसाण किंवा भात टाकणे ही दया होत नाही. कुरव होडीमागे फरसाणासाठी झेपावतात तेव्हा मुले आनंदाने ओरडतात. तळलेले, खारट पदार्थ त्यांच्या शरीराला मानवत नाहीत आणि माणसाच्या हाताची सवय लागलेला पक्षी सर्वच हातांवर विश्वास ठेवू लागतो.

ज्याला ही विद्या शिकायची आहे, त्याने पहिल्याच दिवशी उजनी गाठू नये. आडतीच्या दुकानासमोर धान्य निवडताना उतरणाऱ्या चिमण्या, गोदामाच्या वळचणीचे पारवे, परसातला दयाळ यांच्यावर महिनाभर अभ्यास करावा. कोणत्या हालचालीने चिमणी मान उचलते, किती वेळाने पुन्हा टिपू लागते, हमालाला न भिणारी चिमणी अनोळखी गिऱ्हाइकाला का भिते, हे घरबसल्या कळते. दुकानावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक ओळखण्याची सवय असतेच. आलेल्या माणसावर झडप घातली तर तो निघून जातो, त्याला निवांत पाहू दिले तर तो जवळ येतो. पक्ष्याच्या बाबतीतही तोच संयम लागतो. फरक एवढाच की येथे आपल्याला काही विकायचे नसते.

सोलापूरने या देशाला मारुती चितमपल्ली यांच्यासारखा अरण्यऋषी दिला. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने आयुष्य रानात काढले, मराठीला पक्ष्यांच्या नावांची आणि अरण्याच्या शब्दांची संपदा दिली. सोलापुरात २००६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर त्याच वर्षी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. दिवाळीच्या आसपास येणारा हा आठवडा आपल्या कुटुंबांना सोयीचा आहे. त्या सुमारास बदके येऊ लागतात. रोहितांसाठी मात्र पाणी उतरेपर्यंत, साधारण माघ-फाल्गुनापर्यंत थांबावे.

निघण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी एवढे करावे. नावाड्याला होडीत बसतानाच सांगावे, "काका, थवा उडवायचा नाही, लांबून दिसले तरी चालेल, तुमचे पैसे पूर्ण देऊ." हे वाक्य चार कुटुंबांनी म्हटले की पाचव्या होडीची सवयही बदलते, कारण नावाड्याला थवा उडवण्यात स्वतःचा काही आनंद नसतो. मुलांच्या हाती कॅमेऱ्याबरोबर एक दुर्बीण आणि एक वही द्यावी. आलेल्या छायाचित्रांत घरटे किंवा माळावरचा दुर्मीळ पक्षी असेल, तर समाजमाध्यमांवर नेमकी जागा सांगू नये. परत येताना मुलांनी किती चित्रे काढली, हे विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आपण निघालो, तेव्हा तो पक्षी तेथेच चरत होता का? होय असे उत्तर आले, तर त्या दिवशीचे चित्र थोडे लांबून आलेले असले तरी ते दिवाणखान्यात लावायला हरकत नाही.